आजींना काडीसुद्धा उचलू देत नाही!

आषाढी जवळ आली की आमच्या फलटणच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी बाई साठीच्या पुढची असते. गळ्यात तुळशीची माळ, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत जुन्या ईसीजीच्या कागदांची गुंडाळी. तपासणी होते, गोळ्या लिहून होतात, आणि जाता जाता ती दाराशी थांबून हळूच विचारते, “सायेब, औंदा वारीला जाऊ का?”

माउलींची पालखी आळंदीहून निघून लोणंद, तरडगाव करीत आमच्या गावावरून पंढरपूरला जाते. सारी वाट अडीचशे किलोमीटरच्या आसपास. हृदयविकार झालेल्या बाईला ‘जा’ म्हणायला डॉक्टरची जीभ रेटत नाही, आणि ते बरोबरच आहे. पण ‘जाऊ नका’ म्हटल्यावर पुढे काय सांगायचे, हे आम्हा डॉक्टरांपैकी बहुतेकांना सुचत नाही. मलाही सुचले नव्हते. आजचा लेख त्या चुकीबद्दल आहे.

चार वर्षांपूर्वी तालुक्यातल्याच एका खेड्यातल्या ६८ वर्षांच्या आजींनी मला हा प्रश्न विचारला. वीस-बावीस वर्षे त्यांची वारी चुकली नव्हती. तीन महिन्यांपूर्वी हार्ट अ‍ॅटॅक येऊन गेलेला, एका रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. मी म्हणालो, “आजी, आता वारी बंद. आता आराम करायचा.” आजींनी मान हलवली. सोबत आलेल्या सुनेने ते वाक्य मनावर घेतले आणि मी पुढचा पेशंट बोलावला.

आठ महिन्यांनी आजी परत आल्या त्या दोघांच्या आधाराने. वजन ६ किलोने वाढलेले, पिंडऱ्या मात्र काड्यांसारख्या झालेल्या. खाटेवरून न्हाणीपर्यंत गेले तरी धाप लागते, ही तक्रार. स्टेंट बंद पडला की काय, या धास्तीने मी ईसीजी काढला, इको करवला, रक्तही तपासले. हृदयाचे पंपिंग आठ महिन्यांपूर्वी होते तेवढेच होते. हृदय बिघडलेच नव्हते, बिघडली होती ती बाकीची आजी. सून मोठ्या अभिमानाने सांगत होती, “डॉक्टर, तुम्ही सांगितल्यापासून आत्यांना आम्ही काडीसुद्धा उचलू देत नाही. जेवणाचं ताटसुद्धा खाटेवर.” त्या सुनेचा काय दोष? तिने माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती.

ही झाली एक तऱ्हा. दुसरी तऱ्हा शहराकडच्या बायकांची, आणि ती जास्त पाहायला मिळते. त्यांना कोणी आराम देत नाही आणि त्या मागतही नाहीत. मी विचारतो, “मावशी, व्यायाम काय करता?” की ठसक्यात उत्तर येते, “घरात काय कमी चालते का मी? पहाटे पाचला उठते ती रात्री अकराला पाठ टेकते.” हे उत्तर खोटे नाही. बाई दमते हे मी पाहतो आहे. पण दमणे आणि व्यायाम होणे या दोन गोष्टी सारख्या नाहीत, हे तिला पटवणे फार अवघड जाते.

घरकामात ओट्याशी तास-दीड तास उभे राहणे असते, वाकून केर काढणे असते, भरलेली बादली किंवा गादी उचलणे असते. चार पावले इकडे, सहा पावले तिकडे, की थांबले. चांगल्या वेगाने सलग दहा मिनिटे पाय हलले, हृदय हळूहळू वर चढले आणि तिथे काही वेळ टिकले, असे दिवसात एकदाही घडत नाही. उलट श्वास रोखून जड वस्तू उचलली की रक्तदाब एकदम उसळी घेतो, आणि ते आजारी हृदयाला सोसत नाही. उभे राहून पायांना सूज येते ती वेगळीच. एरवी कोणतीही हालचाल बसून राहण्यापेक्षा बरीच, हे खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही तसेच म्हटले आहे. पण त्याच सूचनांत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम सांगितला आहे, आणि वयस्कर माणसांसाठी त्याखेरीज आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व ताकदीचे व्यायाम. जुनाट आजार असलेल्यांना त्यांच्या कुवतीप्रमाणे हेच लागू आहे. भांडी घासणे त्यात बसत नाही.

थोडक्यात, एक आजी खाटेवर बसून राहिली आणि दुसरी ओट्याशी उभी राहिली. चालली कोणीच नाही.

वाचकांना वाटेल, हृदयविकारात चालणे हे काही नवे फॅड असेल. तसे नाही. अठराव्या शतकात विल्यम हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरने छातीच्या या दुखण्याचे वर्णन करून ठेवले. रोज अर्धा तास करवतीने लाकूड कापायचे ठरवून घेतलेला एक रोगी जवळजवळ बरा झाल्याचीही नोंद त्याने केली आहे. पुढे मात्र डॉक्टरमंडळी आरामाच्या नादी लागली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अ‍ॅटॅकनंतर सहा-सहा आठवडे रोग्याला अंथरुणात निजवून ठेवत. पायांत गुठळ्या होत, फुप्फुसात पाणी होई, आणि माणसे मूळ दुखण्यापेक्षा उपचारानेच हैराण होत. १९५२ साली अमेरिकेत लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी रोग्यांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केली, तेव्हा तेसुद्धा धाडस वाटले होते. १९५३ साली लंडनच्या जेरी मॉरिस यांनी तिथल्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. १९५५ साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना अ‍ॅटॅक आला. त्यातून उठून ते पुन्हा कामाला लागले, गोल्फ खेळू लागले आणि पुढच्या वर्षी निवडणूकही जिंकले. सगळ्या जगाला कळले, की अ‍ॅटॅकनंतर माणूस हिंडू-फिरू शकतो.

आता जरा पाहा. लाकूड कापणारा रोगी पुरुष. मॉरिस यांनी अभ्यासलेले ड्रायव्हर-कंडक्टर पुरुष. राष्ट्राध्यक्षही पुरुषच. त्यानंतर हृदयरोग्यांना व्यायाम शिकवण्याचे जे शेकडो प्रयोग जगभर झाले त्यांतही भरणा पुरुषांचाच. आपल्या देशात २४ रुग्णालयांतून जवळजवळ ४,००० रोग्यांवर योगाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. योग केलेल्यांचे अ‍ॅटॅक आणि मृत्यू ठळकपणे कमी झाले असे काही त्यातून सिद्ध झाले नाही, पण त्यांना बरे वाटू लागले आणि ते पूर्वीच्या कामांकडे जास्त चांगले परतले. हेही काही थोडे नव्हे. मात्र त्या अभ्यासातही बायका थोड्याच होत्या. ‘अ‍ॅटॅक म्हणजे पुरुषाचे दुखणे’ असा समज डॉक्टरांच्या पुस्तकांतच इतका मुरलेला, तर तो घराघरांत असल्यास नवल काय? धाप, पाठीत कळ, जबड्यात दुखणे, विलक्षण थकवा अशी लक्षणे घेऊन बाई येते, तेव्हा घरचे ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पाजतात. दुखणेच मान्य नाही, तिथे त्या दुखण्याचा व्यायाम कोण शिकवणार?

बायकांचे स्वतंत्र अभ्यासही आता झाले आहेत. २००२ साली अमेरिकेतील पन्नास ते ७९ वयाच्या ७३,००० हून अधिक स्त्रियांच्या पाहणीत असे दिसले, की हृदयविकार टाळण्याच्या दृष्टीने भरभर चालणे हे धावण्या-खेळण्याइतकेच गुणकारी होते. २०१९ सालचा अभ्यास मला जास्त आवडतो. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सोळा हजारांवर स्त्रियांच्या कमरेला पावले मोजणारे यंत्र बांधले. दिवसाला २,७०० च्या आसपास पावले टाकणाऱ्यांपेक्षा ४,४०० टाकणाऱ्यांत पुढच्या काही वर्षांतले मृत्यू ४१ टक्क्यांनी कमी होते, आणि साडेसात हजारांच्या पुढे गेल्याने आणखी फायदा दिसला नाही. टीव्हीवर ऐकू येणारा दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास एका जपानी पाऊलमापक यंत्राच्या नावातून आला. कोणत्या संशोधनाने तो काढलेला नाही. या दोन्ही पाहण्या हृदयरोगी बायकांपुरत्या नव्हत्या, आणि जास्त चालणाऱ्या मुळातच जास्त निरोगी असू शकतात, हे ध्यानात ठेवायला हवे. तरीही ४,४०० पावले म्हणजे दिवसभराचे मिळून अडीच-तीन किलोमीटर. आमच्या आजी एके काळी एवढे अंतर विहिरीच्या फेऱ्यांत काटत होत्या.

मग आमच्या बायका चालायला का जात नाहीत? हा प्रश्न मी गेली चार वर्षे दवाखान्यात प्रत्येकीला विचारतो. ‘वेळ नाही’ हे पहिले उत्तर. थोडे बसवून घेतले, चहा पाजला, की खरी उत्तरे येतात.

एकजण म्हणाली, “साडीवर बूट घातले की पोरं हसतात.” दुसरीला शेजारणीने विचारले होते, “आता म्हातारपणी कुणाला दाखवायचंय?” तिसरी गुडघ्यांनी बेजार. चौथीला कुत्र्यांची भीती, कारण एकदा पडली तर मनगट मोडेल आणि मग घरच्यांना आपलं करावं लागेल. पाचवीचे उत्तर मी जन्मात विसरणार नाही. ती खाली पाहत म्हणाली, “डॉक्टर, सकाळी तुमची ती लघवीची गोळी असते. अर्ध्या तासात दोनदा जावं लागतं. रस्त्यावर बाईनं कुठं जायचं?” तीस वर्षे मी ती गोळी सकाळी घ्या म्हणून लिहीत आलो. तिच्यामुळे माझी पेशंट घराबाहेर पडू शकत नाही, हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितले नव्हते. आता मी तशा बाईला गोळीची वेळ बदलून देतो. फिरून आल्यावर घेतली तरी बहुधा काही बिघडत नाही. मात्र आपल्या मनाने वेळ बदलू नये, डॉक्टरांना विचारावे.

पहाटे फिरायला जाणाऱ्यांकडे एकदा नीट पाहा. निवृत्त शिक्षक, व्यापारी, वकील असे सगळे बाप्येच. त्यांतल्या कित्येकांना स्टेंट बसवलेले मला ठाऊक आहेत. ते छाती पुढे काढून चालतात, कट्ट्यावर राजकारण करतात आणि सातला घरी पोचतात, तेव्हा चहा तयार असतो. तो चहा टाकणाऱ्या बाईलाही अनेकदा तोच आजार असतो. दुसऱ्यांना काय सांगू, आमच्या घरीही वडील फिरून येत आणि आई आधण ठेवून वाट पाही. बीपी दोघांनाही होते. तेव्हा मी शिकत होतो, तरी मला त्यात काही वावगे दिसले नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे, की ‘आजी, चालत जा’ हा उपदेश आजीला करून उपयोग नाही. तो तिच्या घराला करायला हवा. मी आता चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली औषधासारखेच लिहितो : ‘चालणे, सकाळी १० मिनिटे, संध्याकाळी १० मिनिटे’. आणि सोबत आलेल्या मुलाला विचारतो, “त्या वेळी चहा कोण करणार? नातवाला शाळेत कोण सोडणार?” मुलगा गोंधळून माझ्याकडे पाहतो. स्टेंटसाठी त्याने धावपळ केलेली असते, कधी योजनेतून, कधी कर्ज काढून. आईसाठी त्याने काही कमी केलेले नसते. पण रोजची वीस मिनिटे आईच्या नावावर करून द्यायची, हे त्याला कोणी मागितलेलेच नसते. एकदा नाव घेऊन मागितले, की बहुतेक मुलगे-सुना देतात, असा माझा अनुभव आहे.

आता चालायचे कसे ते सांगतो. पण हा लेख वाचून उद्यापासून कोणी एकदम सुटू नये. आधी आपल्या डॉक्टरांकडून ईसीजी, इको, बीपी, साखर पाहून घ्यावी. नुकताच अ‍ॅटॅक येऊन गेला असेल, बसल्या जागी छातीत दुखत असेल, झडप फार अरुंद झालेली असेल, किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढून पायांवर सूज आली असेल, तर आधी उपचार आणि मग चालणे. आपल्याकडे लहानपणच्या सांधेतापाने झडपा खराब झालेल्या बायका पुष्कळ आहेत, त्यांनी तर विचारल्याशिवाय सुरुवात करूच नये.

परवानगी मिळाली की सपाट जागेवर पाच मिनिटे, दिवसातून दोनदा. अंगण चालेल, गच्ची चालेल, देवळाचा प्रदक्षिणेचा मार्ग तर उत्तमच. कारण तिथे ‘कुणाला दाखवायचंय’ असे कोणी विचारत नाही आणि टेकायला कट्टा असतो. दर आठवड्याला दोन-एक मिनिटे वाढवीत न्यावे. अर्ध्या तासाला पोचायला तीन महिने लागले तरी काही बिघडत नाही. सुरुवातीची आणि शेवटची दोन मिनिटे सावकाश. जेवल्यावर लगेच नको, आणि आमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर मुळीच नको.

वेग किती? नाडी मोजा म्हणून सांगणे हृदयरोग्यांच्या बाबतीत फसवे असते. यांतल्या पुष्कळजणींना नाडी मंद ठेवणारी गोळी चालू असते, त्यामुळे श्रम झाले तरी आकडा चढत नाही. मी साधी खूण सांगतो. चालताना शेजारणीशी बोलता आले पाहिजे, पण अभंग म्हणता येऊ नये. अभंग सहज म्हणता येत असेल तर थोडा वेग वाढवा, बोलतानाही अडखळत असाल तर कमी करा.

चालण्याच्या जोडीला एक खुर्ची. भिंतीला टेकवून ठेवायची आणि हातांचा आधार कमीत कमी घेऊन पाच वेळा उठायचे-बसायचे, श्वास न रोखता. मांड्यांत ताकद आली की शौचालयातून उठताना भिंत धरावी लागत नाही. बायकांना कोलेस्टेरॉलपेक्षा हा फायदा पटकन पटतो. पायांत मागे पट्टा असलेली, न घसरणारी चप्पल असली तरी चालेल. बूट हवेतच असे नाही. मधुमेह असेल तर रोज रात्री तळपाय पाहावेत.

चालताना छातीत भरून आले, जबडा, पाठ किंवा हात दुखू लागला, चक्कर आली, घाम सुटला, तर तिथल्या तिथे बसावे. जिभेखाली ठेवायची गोळी दिलेली असेल तर बसूनच ठेवावी, उभ्याने ठेवल्यास घेरी येते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ ला फोन करावा. ‘घरी जाऊन पाहू’ असे म्हणू नये.

नगरपालिकांनाही एक विनंती. फिरण्याचे रस्ते होतात, त्यांवर दिवे लागतात, कमानीवर नावे येतात. शंभर-दीडशे पावलांवर एक बाक आणि पहाटे साडेपाचला उघडे असणारे बायकांचे स्वच्छ शौचालय, एवढे केले तरी माझ्या दवाखान्यातल्या निम्म्या बायका बाहेर पडतील. डॉक्टर मित्रांना एवढेच विचारतो, की अँजिओप्लास्टीनंतर घरी जाणाऱ्या बाईला तुम्ही गोळ्या समजावून सांगता, पथ्य सांगता. किती पावले चालायचे ते सांगता का? मोठ्या शहरांतून यासाठी वेगळे वर्ग चालतात. आमच्यासारख्या तालुक्याच्या गावी हे काम तुमच्या-माझ्याशिवाय कोण करणार?

त्या खेड्यातल्या आजींचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. मी त्यांची आणि सुनेची माफी मागितली. आजींना ते फार विचित्र वाटले. अंगणात पाच मिनिटांपासून सुरुवात झाली, सून घड्याळ लावून ओट्यावर बसे. पहिल्या महिन्यात दोनदा सोडून दिले. गुडघे दुखले, मग दिवाळी आली. सगळे सुरळीत झाले असे नाही. वजन उतरले ते दोन-अडीच किलोच. पण वर्षभरात सकाळी पंचवीस मिनिटे चालू लागल्या, न्हाणीपर्यंतची धाप गेली. गेल्या वर्षी पालखी फलटणला येत होती, तेव्हा गावाबाहेरून तळापर्यंत शेवटचे दोन किलोमीटर त्या दिंडीबरोबर चालत आल्या. मुलगा मागून मोटारसायकल ढकलत होता, तिच्या डिकीत गोळ्या आणि पाण्याची बाटली.

परवा तपासणीला आल्या होत्या. दाराशी थांबल्या. मी ओळखले.

“सायेब, औंदा तरडगावापासनं येऊ का?”

मी म्हणालो, “आजी, वीस किलोमीटर होतात. जमायचे नाही.”

“मग निम्म्यातनं?”

“आधी इको करू. मग सांगतो.”

सोमवारी बोलावले आहे.